नवी तक्रार नाही

३ मार्च
वॉर्ड चार, खाट अकरा

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला वाकता येत नाही, तेव्हा पडल्या पडल्या केलेला गोड मानून घे.

घाबरू नकोस. गेल्या गुरुवारी पोटात कळ आली ती पाठीतून आरपार गेली. अठरा मजले जिन्याने चढून लिफ्टचे दोर तपासणारा मी, स्वतःच्या उंबऱ्यात गुडघे टेकून बसलो. इथे आणल्यावर कळलं, स्वादुपिंडाला सूज आहे. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "किती पिता?" म्हटलं, "सहा कप. चहा." दुसऱ्या दिवशी दुसरे आले. "रोज पिता की अधूनमधून?" तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांनी तोंड उघडलं मात्र, मी खाटेवरूनच भाषण ठोकलं. म्हटलं, साहेब, कामगाराचं पोट दुखलं की तो प्यायलेलाच असतो, हे तुमच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते दाखवा! शेजारच्या नऊ खाटांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी तपासणीत पित्ताशयाचा खडा सापडला. तो घरंगळून नळीच्या तोंडाशी अडकला होता. एवढ्याशा खड्याने माझं चारित्र्य राखलं.

तोंडात पाण्याचा थेंब नाही, सगळं नळीतून. सिस्टरना सांगितलं, माझी बहीण कापड गिरणीत मागांच्या आवाजात तीस वर्षं राबली आहे, तिला फोनवर काही ऐकू येत नाही, तेव्हा कागद द्या. आणि सुई उजव्या हातात टोचा, डावा माझा लिहायचा आहे.

खाट लिफ्टच्या भिंतीला लागून आहे. इथली लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबताना हिसका देते. ब्रेक झिजलाय. दिवसातून दोनशे वेळा तो हिसका ऐकायचा आणि हात लावायचा नाही! माझा कामावरचा जोडीदार रोज चारला येतो. आधी लिफ्टचा हिसका, मग त्याच्या कुबड्यांची टकटक. ज्याचा पाय लिफ्टखाली चिरडला तो मला भेटायला लिफ्टने येतो, आणि वर मलाच धीर देतो.

वीस तारखेला त्याच्या अपघाताची चौकशी आहे. कंपनी म्हणते, चूक त्याचीच. दोष त्याच्यावर आला तर पायही गेला आणि कामही गेलं. मी तिथे बोलणार. छप्पर हादरलं पाहिजे, असा बोलणार. डॉक्टर म्हणतात, सगळं सुरळीत राहिलं तर चौदाला घरी सोडू.

भावजींना नमस्कार.

तुझा
डावऱ्या


६ मार्च

डावऱ्या,

पडल्या पडल्या केलेला नमस्कार पोचला. उभ्या उभ्या काम करता करता आशीर्वाद देते आहे, तोही तसाच चालवून घे.

यांची डावी बाजू गेल्याला दीड वर्ष होईल. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे माझा दोर दोन तासांचा. बाजार त्यात, कपडे त्यात, तुला पत्र टाकायला पेटीपर्यंत जाणं त्यात. तू खाटेवर अडकलास आणि मी खाटेच्या कडेला. आईला दोन मुलं झाली आणि दोघांनाही खाटच मिळाली बघ.

खालच्या मजल्यावरचे शिंपी तुझं पत्र वाचून हसले. म्हणाले, "ताई, तुमचा भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरही ठराव मांडेल." मी मात्र हसले नाही. सांगते का ते.

भाषण तू चांगलं करतोस, ते मला ऐकू येत नसलं तरी ठाऊक आहे. पण या पत्रात वीस तारखेला तू बोलणार, हादरवणार, एवढंच आहे. काय बोलणार याची एक ओळ नाही. अपघात झाला तेव्हाही दोन महिन्यांपूर्वी तू मला फक्त "फार वाईट झालं" एवढं लिहिलं होतंस. बहिऱ्या माणसाला समोरच्याचे ओठ बघायची सवय असते. तुझे ओठ मला इथून दिसतात. तू काहीतरी गिळतो आहेस.

त्या दिवशी काय झालं ते मला लिही. सगळं. तारीख घाल आणि खाली पूर्ण सही कर, म्हणजे तुला खोटं लिहिताना लाज वाटेल.

ताई


९ मार्च

ताई,

आज थोडक्यात लिहितो. तू विचारलंस म्हणून.

आमच्या कामात एक नियम सगळ्यांच्या वर. जो माणूस लिफ्टच्या खाली खड्ड्यात उतरतो, त्याचं कुलूप मुख्य स्विचला. किल्ली त्याच्याच खिशात. हा नियम कागदावर यावा म्हणून युनियनमध्ये मी वीस वर्षं घसा फोडला.

आम्ही दोघं तो पाळत नव्हतो. खड्ड्यात तेल आणि चिखल. किल्ली पडली की शोधत बसा. म्हणून जोडीदार खाली उतरताना किल्ली माझ्याकडे देई. बावीस वर्षं. एकमेकांवर विश्वास, त्याला आम्ही नियमापेक्षा मोठं मानलं.

त्या दिवशी तो खाली होता. मी वर मशीनच्या खोलीत. सुपरवायझर आला. म्हणाला, मालकाचे पाहुणे वर खोळंबलेत, एक फेरी होऊ दे. मी म्हटलं, माणूस खाली आहे. तो म्हणाला, चहाला गेला, मी आत्ता बघितला. मी खाली हाक मारून विचारायला हवं होतं. एक हाक. सभेत तीन हजार लोकांना ऐकू जाईल असा माझा गळा. मी हाक मारली नाही. कुलूप काढलं आणि स्विच दिला, लिफ्ट खाली निघाली.

कंपनी म्हणते, जोडीदाराने कुलूप लावलंच नव्हतं. सुपरवायझर म्हणतो, मी त्या दिवशी त्या इमारतीत पाऊलही टाकलं नाही. आणि जोडीदाराला वाटतं, कुलूप जुनं होतं, तुटलं असेल. मी त्याला तसं वाटू दिलं.

तो रोज येतो. कुबड्या भिंतीला टेकवतो. माझं डोकं चेपतो. त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत नाही. वीसला सगळ्यांसमोर सांगेन, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मला तिथे पोचलंच पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, नवी तक्रार नसेल तर चौदाला नक्की. नवी तक्रार नाही.

तुझा भाऊ
(खाली पूर्ण सही केली आहे)


११ मार्च

हा कागद वॉर्ड चारच्या सिस्टरना फोनवरून वाचून दाखवायचा आहे. वाचणारे आमच्या खालचे शिंपी आहेत. त्यांना प्रश्न विचारू नयेत, त्यांना यातलं काही माहीत नाही. मला विचारून उपयोग नाही, मला ऐकू येत नाही. फक्त ऐकून घ्या.

सिस्टर, खाट अकरावरचा माणूस माझा धाकटा भाऊ. तो जन्माचा डावखुरा. तिसरी-चौथीत असताना आमच्या वडिलांनी वर्षभर त्याचा डावा हात खुर्चीला फडक्याने बांधून त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं. ती अक्षरं कशी मागे रेलतात, कशी ओळ सोडून खाली घसरतात, हे जगात आता मला एकटीलाच माहीत आहे. वडील गेल्यावर त्याने उजव्या हाताने एक अक्षर लिहिलेलं नाही.

आज त्याचं पत्र आलं. सगळं उजव्या हाताने लिहिलेलं आहे.

त्याच्या उजव्या हातात तुमची सुई आहे. डावा मोकळा आहे. तरी त्याने सुई टोचलेल्या हाताने दोन पानं लिहिली. याचा अर्थ डावा हात त्याहून जास्त दुखतो आहे आणि तो लपवतो आहे. माझ्या नवऱ्याचं अंग गेलं तेव्हा तोही आधी "हात जरा अवघडलाय" एवढंच म्हणाला होता. मला तीच भीती आहे.

त्याला विचारू नका, तो भाषण करील. हात वर करायला लावा. आत्ता, हा फोन ठेवल्याबरोबर.


११ मार्च, दुपार

डावऱ्या,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू ते कुठल्या हातात धरशील कोण जाणे.

तू काय केलंस ते वाचलं. कुलूप काढलंस. त्यावर मी आज काही बोलणार नाही, तू स्वतःला पुरेसं बोलला असशील. पण मला सांग, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तू काय शिकवतोस? आमच्या गिरणीच्या दारात पेटीवर चढून बायकांना सांगितलं होतंस, तेव्हा मला अजून ऐकू येत होतं. "घंटा दाबा आणि बोलत राहा! आत काय होतंय ते बाहेरच्याला कळू द्या! जो गप्प राहून स्वतःच दार उचकटायला जातो, तो मरतो!" बायका घरी जाऊन नवऱ्यांना ते वाक्य ऐकवत होत्या. आणि तू? घंटा उशाशी आहे, सिस्टर हाकेवर आहे, आणि हा गृहस्थ दार उचकटत पडलाय!

जोडीदाराच्या वेळी एक हाक मारली नाहीस. आता स्वतःसाठीही मारत नाहीस. ही कसली भरपाई? तू मेलास तर त्याच्या बाजूने कोण बोलणार आहे?

शिंपी फोन करून वर आले. त्यांनी पाटीवर लिहिलं, "सगळं वाचून दाखवलं. रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि पावलं पळाली."

यांची कूस बदलायची वेळ झाली. मी उठते.

ताई


१५ मार्च

ताईंना नमस्कार.

तुमचा फोन मी घेतला होता. तुम्हाला सगळं कळायला हवं, म्हणून ड्यूटी संपल्यावर लिहीत बसले आहे. तुमचे भाऊ जिवंत आहेत. पुढचं आता शांतपणे वाचा.

मी गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हटलं, "दादा, डावा हात वर करा." म्हणाले, "कुठला ठराव पास करायचाय, सिस्टर?" मी हसले नाही. हात खांद्यापर्यंतही आला नाही. चेहरा पांढरा, अंगाला घाम, नाडी एकशे तीस. सकाळी ती बरी होती. म्हणाले, "हत्यारांची पिशवी तीस वर्षं याच खांद्यावर आहे. जुनं दुखणं आहे. जोडीदाराने बाम चोळलाय." तीन दिवस ते दोघं आमच्यापासून लपवून खांद्याला बाम चोळत होते!

दुखणं खांद्याचं नव्हतंच. डॉक्टरांनी मला जे समजावलं ते सांगते. स्वादुपिंडाचं शेपूट डावीकडे जाऊन प्लीहेला टेकतं. जुनी माणसं जिला पानथरी म्हणतात ती प्लीहा. सुजलेल्या स्वादुपिंडातला रस आजूबाजूचं सगळं खातो. त्याने प्लीहेकडे जाणारी रक्तवाहिनी पोखरली, तिला फुगा आला आणि तिथून प्लीहेच्या आवरणाखाली रक्त साठत गेलं. ते रक्त पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला टोचतं. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एक, म्हणून दुखतं पोटात आणि जाणवतं डाव्या खांद्यात. या आजारात असं फार क्वचित होतं. मी एकवीस वर्षांत दुसऱ्यांदा पाहिलं. पहिल्या वेळी आम्हाला उशिरा कळलं होतं.

तुम्हाला अर्धांगाची भीती होती, ते नव्हतं. पण हात वर करायला लावा, हे तुमचं बरोबर होतं. ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं आणि आवरण फाटलं. घरी असते, किंवा नुसते वॉर्डात असते, तरी आम्ही पोचलो नसतो. प्लीहा काढून टाकावी लागली. ते अजून अतिदक्षता विभागात आहेत, घशात नळी आहे, बोलू शकत नाहीत. वीस तारखेला कुठेही जाणं शक्य नाही.

आत नेताना त्यांनी माझी बाही धरली. म्हणाले, "ताईला कळवा. नऊ तारखेचं पत्र वीस तारखेला तिथे पोचलं पाहिजे." मला अर्थ कळला नाही. तुम्हाला कळेल म्हणाले.

त्यांचे कुबडीवाले मित्र रोज येऊन काचेबाहेर उभे राहतात. बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

आपली,
वॉर्ड चारची सिस्टर


२१ मार्च

डावऱ्या,

सिस्टर म्हणतात, नळी निघाली आहे, तू परत खाट अकरावर आला आहेस आणि तुला आता वाचून दाखवता येईल. तर ऐक.

पत्र टपालाने पाठवणार होते. मग पुन्हा उघडून बघितलं. ती घसरलेली अक्षरं तुझी आहेत, हे माझ्याशिवाय कोण मानणार? म्हणून मीच निघाले. शिंपी मशीन उचलून आमच्या खोलीत घेऊन आले. दर दोन तासांनी शिवण थांबवून यांची कूस बदलली. यांनी मला नंतर उजव्या हाताने पाटीवर लिहून दाखवलं, "शिंप्यांचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे." दीड वर्षात पहिल्यांदा मी दोन तासांपेक्षा लांब गेले आणि त्याचं हे बक्षीस.

युनियनच्या माणसाने मला आत नेलं. लांब टेबल, मधे चौकशी अधिकारी, डावीकडे कंपनीचे तिघे, त्यात सुपरवायझर. समोर जोडीदार. मी पत्र ठेवलं. लगेच कंपनीच्या एकाने तुझी कामाची वही काढून पत्राशेजारी आपटली. ओठ हलायला लागले. मी माझं वाक्य आधीच मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं, ते सगळ्यांपुढे सरकवलं. "मला ऐकू येत नाही. जे बोलायचं ते लिहा."

अधिकाऱ्यांनी लिहिलं, "हे हस्ताक्षर त्यांचं नाही, असा आक्षेप आहे."

मी पिशवीतून तुझी चौथीची वही काढली. ती मी का जपून ठेवली होती, ते आईलाही कधी सांगितलं नव्हतं. पहिली आठ पानं डाव्या हाताची, सरळ, भरभर. नवव्या पानापासून उजव्या हाताची. पानावर पाण्याने शाई फुटलेली आहे, ते पाणी कसलं हे मी लिहून दिलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वही आणि पत्र किती तरी वेळ शेजारी धरून बसले. मग त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं.

मला शब्द ऐकू येत नव्हते. मी जोडीदाराकडे बघत होते. किल्लीपर्यंत तो हळूहळू मान हलवत होता. मग मान थांबली. कुबडीवरचा हात घट्ट झाला, इतका की बोटं पांढरी पडली. त्याने सुपरवायझरकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, कारण तिथे तू नव्हतास. मी नजर खाली घेतली नाही, डावऱ्या. तुझ्या वाट्याची होती, पण कुणीतरी घ्यायलाच हवी होती.

मग सुपरवायझर उठला. छान बोलत असावा, हातवारे तर तुझ्यासारखे. बराच वेळ बोलला. तो बसल्यावर मी कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं आणि पहिल्यांदाच तोंडाने बोलले. माझा आवाज मला ऐकू येत नाही, तेव्हा किती मोठा झाला असेल देव जाणे. म्हटलं, "मला काही कळलं नाही. एवढंच लिहा. मी त्या दिवशी त्या इमारतीत नव्हतो. आणि खाली सही करा."

तो हसला. पेन उचललं. "मी" लिहिलं. मग थांबला. अधिकारी बघत होते, सगळे बघत होते. त्याने पेन दोनदा कागदाला लावलं आणि दोनदा उचललं. शेवटी खाली ठेवून रुमालाने हात पुसत बसला. बोलायला इतका वेळ लागला नव्हता.

तो कागद अधिकाऱ्यांनी फायलीत लावला. वर फक्त "मी".

निकाल आठवड्याभरात. बाहेर आल्यावर जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं नाही. टकटक करत गेला. म्हणजे मला टकटक दिसली.

ताई


३० मार्च
वॉर्ड चार, खाट अकरा

ताई,

अक्षर बघून तुला कळलंच असेल. खांदा वर होतो, पेन चालतं.

निकाल आला. जोडीदारावरचा दोष काढला, बरा झाला की त्याला बसून करायचं काम मिळेल. सुपरवायझर निलंबित. मला नोटीस आहे, नियम मोडून स्विच का दिला, खुलासा करा. खुलासा एका ओळीत करणार आहे. ताई, मी आयुष्यभर लांब बोललो. त्या दिवशी खड्ड्यात एक शब्द टाकायचा होता तेव्हा तो निघाला नाही. आता जे लिहायचं ते लहान लिहीन.

डॉक्टर सांगून गेले, प्लीहा नाही म्हणजे जरा ताप आला तरी घरी बसायचं नाही, लस चुकवायची नाही, सूज उतरली की पित्ताशयही काढू. एकेक सुटा भाग काढत चाललेत. विचारलं, "साहेब, नुसती पेटी उरली तरी लिफ्ट चालेल ना?" म्हणाले, "तोंड बंद ठेवलंत तर." मग थांबून म्हणाले, "नको. तुम्ही बोलत राहा. दुखलं की लगेच बोला."

आता जोडीदाराचं. वीस तारखेनंतर तो आला नाही. चारला लिफ्ट हिसका देऊन थांबायची, दार उघडायचं, आणि टकटक नाही. कुणाचे बूट, कुणाची चाकाची खुर्ची. नऊ दिवस. ताई, लिफ्टमध्ये मी दोनदा अडकलोय, एकदा सहा तास. ते काहीच नव्हतं. तिथे बाहेरून कुणीतरी येणार हे माहीत होतं.

काल चारला हिसका बसला. मग काही नाही. मग टकटक. मी भिंतीकडे तोंड केलं, तेही धीर होईना म्हणून परत वळलो. त्याने कुबड्या नेहमीच्या जागी टेकवल्या. बसला. मी तोंड उघडलं तर म्हणाला, "तू नको बोलू. तुझं वाचून झालंय."

खिशातून किल्ली काढली. तीच, त्या कुलपाची. चौकशीत जमा होती, ती परत मिळाली त्याला. माझ्यासमोर धरली, मी हात पुढे केला. त्याने ती माझ्या हातात दिली नाही. परत स्वतःच्या खिशात घातली आणि वरून दोनदा थोपटली.

मग दुसऱ्या खिशातून बामची डबी काढली. म्हटलं, "अरे, ते खांद्याचं नव्हतंच. आणि आता दुखतही नाही."

"गप," तो म्हणाला. "बटण काढ."

तुझा
डावऱ्या